पखवाजाची कणीक आपणच मळतो, मग पखवाजही आपणच वाजवूया

अकरा वर्षं मी आमच्या भजनी मंडळात एक काम अगदी मन लावून केलं, पखवाजाची कणीक भिजवून द्यायचं. गुरुवारी ज्यांच्याकडे भजन असेल त्यांच्या किचनमध्ये शिरायचं, डब्यातलं पीठ मागायचं, गोळा करायचा आणि वाटीत झाकून बुवांच्या पुढ्यात नेऊन ठेवायचा. बुवा तो धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खर्ज आवाजाच्या डाव्या तोंडाला, लावायचे, दोन थापा मारायचे आणि मग भजन सुरू. पेटीवर बाई, टाळ बायकांच्या हातात, गाणाऱ्या सगळ्या बायका, नाव सुद्धा महिला भजनी मंडळ आणि पखवाजावर मात्र तीन स्टेशनं पलीकडून लोकलने येणारे बुवा. यात काही विचित्र आहे असं आम्हाला कुणालाच कधी वाटलं नाही बरं का, मला पण नाही.

मग एका अधिक महिन्यात आमचा देवळात कार्यक्रम होता आणि बुवांनी त्याच दिवशी दुसरी सुपारी घेतली होती, फोन आला पंधरा मिनिटं आधी. तेव्हा नुसत्या टाळांवर दोन तास भजन ओढलं आम्ही, आमटीत मीठ नसल्यावर कसं होतं तसं, सगळं होतं आणि काहीच नव्हतं. त्या रात्री घरी येऊन मी ठरवलं की हे वाद्य आपण शिकायचं. वय शेहेचाळीस, गुडघे कुरकुरणारे, संगीताचं शिक्षण शून्य. आज सहा वर्षं झाली, मंडळाचा पखवाज मीच वाजवते, आणि आजूबाजूच्या मंडळातल्या बायका सारखं विचारतात की कसं केलंस, कुठून सुरुवात करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी काही मृदंगाचार्य नाही, मोठ्या तालातलं शास्त्र माझ्याकडे मागू नका, पण घरगुती भजनाला नीट साथ करता येईल एवढं कसं गाठायचं ते सांगू शकते.

आधी वाद्य घ्यायचं बघू कारण पहिली चूक तिथेच होते. बाजारात दोन प्रकारचे पखवाज मिळतात, एक वादीचा म्हणजे चामड्याच्या वाद्या ओढलेला आणि खाली लाकडी गठ्ठे असलेला, आणि दुसरा नटबोल्टचा. जाणकार लोक वादीच्या आवाजाचं कौतुक करतात आणि ते खरं पण आहे, पण घरात सुरात लावून द्यायला कुणी नसेल तर पहिला पखवाज नटबोल्टचाच घ्या. पाना घेऊन थोडंथोडं आवळलं की चढतो. फक्त एक बोल्ट पूर्ण आवळून मग पुढचा असं करायचं नाही, समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा घ्यायचे, नाहीतर पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, एका बाजूला ओढली जाते आणि शाई, म्हणजे उजव्या तोंडावरचा काळा लेप, तडकते. मी तडकवलीय, पहिल्याच महिन्यात.

दुकानात जायच्या आधी मंडळाची पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरून गाता ते, माहीत करून घ्या, हे फार महत्त्वाचं आहे आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुरुष मंडळी काळी एक, काळी दोन अशा पट्टीत गातात म्हणून दुकानात तयार माल बहुतेक त्याच सुरांचा असतो, आणि बायकांची पट्टी बरेचदा काळी चार किंवा पाच. शाईच्या बाजूचं तोंड जेवढं मोठं तेवढा सूर खाली, लहान तेवढा वर. म्हणजे मोठ्या तोंडाचा पखवाज आणून तो काळी चारला ओढायला गेलात तर पुडी फाटेल पण सूर येणार नाही. आमचं मंडळ काळी चारमध्ये गातं आणि माझ्याकडे आहे काळी दोनचा पखवाज, तरी जमतं, कसं ते सांगते. पेटीवर काळी चारला सा धरा आणि सारेगमप म्हणत वर जा, पंचम येतो बरोबर काळी दोनवर. तबला-पखवाज पंचमात लावला तरी तो गाण्यात मिसळून जातो. काळी एकचा असेल तर तो काळी चारचा मध्यम होतो, तोही चालतो पण ज्या चालीत मध्यम येतच नाही तिथे कानाला जरा टोचतं. हे गणित दुकानातच पेटीवर वाजवून बघा, नाहीतर मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप असतंच. नवीन बनवून घेणार असाल तर कारागिराला सरळ सांगा की बायकांच्या पट्टीचा हवाय, तो तोंडाचं माप त्याप्रमाणे घेतो.

जुना घेताना शाई बघायची. तिच्यावर बारीक बारीक भेगांची जाळी दिसते ती ठीक, पण खपल्या उडालेल्या असतील किंवा बोटाने दाबल्यावर खरखर वाजत असेल तर पुडी बदलायचा खर्च धरूनच भाव करा. खोडाला आतून-बाहेरून चीर नाही ना ते पण बघा, पुडी नवीन बसते, चिरलेल्या खोडाचं काही होत नाही. आणि एकदा उचलून बघा. लाकडी पखवाज म्हणजे पाण्याने भरलेली कळशी असते, तुम्हाला तो तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि रिक्षात असा न्यायचाय. फायबरचे हलके येतात, आवाज थोडा पत्र्यासारखा लागतो मला, पण ज्यांची पाठ धरते त्यांनी खुशाल घ्यावा, भजनाला आलेली माणसं खोड कशाचं आहे ते विचारत नाहीत.

आता बसायचं कसं. साधी मांडी, पखवाज समोर आडवा, खाली दोन चुंबळी किंवा जुन्या चादरीच्या घट्ट गुंडाळ्या म्हणजे तो गडगडत नाही. उजवा हात शाईवर, डावा धुमेवर, डावखुऱ्या असाल तर उलट आणि त्याबद्दल कुणाचं ऐकून घेऊ नका. खांदे वर चढले की समजायचं वाद्य उंच झालंय, एक घडी कमी करा. गुडघ्याचा त्रास असेल तर लोखंडी स्टँड मिळतो, खुर्चीत बसून वाजवा, देवाला काही फरक पडत नाही, आमच्या बुवांनाही पडला नाही. साडी असेल तर पदर डाव्या खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचा कारण धुमेवर पदराचं टोक आलं की कणकेला चिकटतं आणि मग ऐन गजरात पदर सोडवत बसावं लागतं. मी आता कार्यक्रमाला सुद्धा ड्रेस घालते.

बांगड्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. पखवाज बोटांनी कमी आणि अख्ख्या पंजाने जास्त वाजतो, विशेषतः डावा हात पूर्ण आपटतो. काचेच्या बांगड्या घालून वाजवायचं नाही, बस. पहिल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, काढायला मन झालं नाही, म्हटलं जरा वर सरकवते, आणि हरिपाठात मध्येच एक पिचली आणि काच थेट कणकेत. अंधारातली काच शोधावी तशी मी कणीक चिवडत बसले आणि बाकीच्या टाळ वाजवत माझ्याकडे बघतायत. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंना बांगड्या उतरवलेल्या बिलकुल आवडत नाहीत, रिकामा हात दिसता कामा नये म्हणतात, तर त्यांच्यासाठी मी तोडगा काढलाय, भजनापुरती मनगटाच्या बऱ्याच वर, जवळजवळ कोपराशी, एकच धातूची बांगडी आणि तिच्यावर केसांचं जाड रबर. काकू खूश, पखवाज पण खूश. अंगठ्या मात्र सगळ्या काढायच्या, दोन्ही हातांच्या, आणि नखं एकदम कापलेली. लांब मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत.

आता कणीक. इथे आपण सगळ्या पुरुषांच्या चार पावलं पुढे असतो, तरी पण चपातीची कणीक आणि पखवाजाची कणीक यात फरक आहे. मीठ नाही, तेल तर अजिबातच नाही. एकदा मी नसताना कुणीतरी प्रेमाने तेलाचा हात लावून मऊसूत गोळा दिला होता, तो धुमेवर थांबेचना, चौथ्या अभंगाला सटकून मांडीवर. नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी. आधी चपातीसारखी भिजवायची, मग पाण्याचा हात लावत लावत जराशी सैल करायची, इतकी की बोटाला किंचित चिकटेल पण ओघळणार नाही. दहा मिनिटं झाकून ठेवा. मैदा घेऊ नका, चिवट होतो आणि निघता निघत नाही.

लावताना धुमेच्या मधोमध आधी ओल्या बोटाने पाणी फिरवायचं. मग साधारण दोन चपात्यांच्या उंड्याएवढा गोळा मध्ये दाबायचा आणि अंगठ्याने कडेकडे पसरवत न्यायचा, मध्ये जाड आणि कडेला पातळ, भाकरीच्या उलट म्हणा ना. पसरवलं की वाजवून बघायचं. आवाज टणटणीत आणि वर लागला तर कणीक कमी आहे, आणखी थोडी घाला. भद्द वाजून तिथेच बसला तर जास्त झाली, चिमूट चिमूट काढा. शाईच्या बाजूचा जो सूर आहे त्याच्याच खालच्या सप्तकातला सूर धुमेतून यायला हवा असं बुवा सांगतात, पण सुरुवातीला सूर ओळखता आला नाही तरी एक खूण आहे, बरोबर बसली की तो आवाज आधी पोटात जाणवतो आणि मग कानात येतो. पहिल्यांदा माझ्या हातून तसा धुमकार निघाला तेव्हा शेजारच्या खोलीतून मुलगा उठून आला, काय पडलं बघायला.

पंख्याखाली किंवा एसी हॉलमध्ये कणीक तासाभरात सुकते आणि आवाज चढायला लागतो, म्हणून जवळ वाटीत पाणी ठेवा, दोन अभंगांच्या मध्ये ओलं बोट फिरवा. भजन संपलं की लगेच काढायची, चहाच्या आधी. काढलेल्या गोळ्यानेच टिपत टिपत उरलेली उचलायची, मग ओल्या फडक्याने पुसायचं, सुरी-उलथनं काही लावायचं नाही. राहिली तर कडक होऊन कातडं ओढते आणि उंदीर-झुरळांना पंगत. हो, आणि दर एकादशीला कुणीतरी विचारतंच की उपास आहे, कणकेला हात लावला तर चालेल का. अहो लावायचीच आहे, खायची नाहीये.

घरी रोजच्या रियाजाला दर वेळी कणीक लावायची गरज नाही, मी आठवड्यातून दोनदा लावते. बाकीचे दिवस नुसत्या उजव्या हाताचं आणि तोंडाने बोलायचं काम.

तोंडाने बोलणं हा पहिल्या दोन महिन्यातला खरा अभ्यास आहे. हात नंतर. आमच्या बुवांनी, तेच ते लोकलवाले, शिकवायला तेच तयार झाले शेवटी, पहिले तीन आठवडे मला पखवाजाला हातच लावू दिला नाही. म्हणाले, माउली, आधी टाळी देऊन म्हणा. मला वाटलं टाळतायत. पण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, लोकलमध्ये मनातल्या मनात, बोल इतके पाठ झाले की हात बसल्यावर डोकं फक्त हाताकडे ठेवता आलं. दोन ठेके तुम्हाला नव्वद टक्के भजनाला पुरतात. केरवा, आठ मात्रांचा, धा गे न ति, न क धि न. आणि दादरा, सहा मात्रांचा, धा धि ना, धा ति ना. हे दोन्ही खरे तबल्यावरचे ताल, पण भजनात पखवाजावर सर्रास वाजतात. भजनी ठेका म्हणून जो म्हणतात तो ज्याच्या त्याच्या हातात थोडा वेगळा बसलेला असतो, तो मी लिहून देत नाही, तो समोर बसून गुरूच्या हातावरूनच उचलायचा. पखवाजाचा स्वतःचा म्हणावा असा चौताल आहे, बारा मात्रा, धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन. भजनात लागत नाही फारसा पण रियाजाला सोन्यासारखा, कारण दोन्ही हातांची सगळी अक्षरं त्यात येऊन जातात.

हाताचं म्हणाल तर डाव्या हाताचे दोनच बोल मुख्य, ग म्हणजे मारून हात लगेच उचलायचा, घुमू द्यायचं, आणि क म्हणजे पंजा मारून तिथेच ठेवायचा, आवाज बंद. उजव्याला ता उघडा, दिं मोकळा, आणि ति-ट हे पंजाच्या दोन अर्ध्यांनी आलटून पालटून, करंगळीकडची बाजू मग अंगठ्याकडची, दार ढकलल्यासारखं. ता आणि ग एकदम पडले की धा. दोन्ही हात एकाच क्षणी पडायला हवेत, एक केसभर मागे राहिला तर धा च्या जागी ग्ता असं काहीतरी ऐकू येतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, लाज वाटेल पण ऐका.

ताकदीबद्दल सगळ्या विचारतात. बायकांचा हात हलका पडतो, आवाज निघत नाही वगैरे. माझा अनुभव असा की सुरुवातीला मी जास्त जोरात मारत होते म्हणूनच आवाज निघत नव्हता, कारण हात कातड्यावर रेंगाळत होता. तव्यावरची पोळी बोटांनी उलटताना कसा हात लावून काढता, तेवढाच वेळ. आवाज कोपरापासून सैल सोडलेल्या हातातून येतो, दंडातून नाही. पहिले पंधरा दिवस तळवे लाल होतात, करंगळीच्या खालचा भाग सुजतो, कोमट पाण्यात धरा आणि दुसऱ्या दिवशी निम्माच वेळ वाजवा. झोपताना तेल लावा पण वाजवायच्या आधी तेल, क्रीम काही नको, शाई खराब होते. घाम येत असेल तर पावडर. रोज वीस मिनिटं बसा, रविवारी दोन तास आणि बाकी दिवस सुट्टी असं केलंत तर हात दर रविवारी नव्याने सुरू होतो.

फ्लॅटमध्ये आवाजाचा प्रश्न येतो. मी दुपारी साडेतीन ते चार ही वेळ धरलीय, खालच्या आजोबांची झोप झालेली असते आणि वरची मुलं शाळेतून यायची असतात. खाली जाड सतरंजी दुमडून घेतली की जमिनीतून जाणारा धमधमाट बराच कमी होतो. रात्री सराव करायचा असेल तर उशीवर करा, अगदी खरं सांगते, ति-ट ची तयारी माझी उशीवरच झाली.

गुरू शोधणं सोपं आहे आणि अवघड पण. तुमच्या भागातला कीर्तनाला साथ करणारा पखवाजी बहुतेक वेळा आळंदीत शिकून आलेला असतो, तिथे जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली आणि तेव्हापासून तिथून कीर्तनकार आणि मृदंगवादक गावोगाव जात राहिलेत. त्यांच्याकडे हात पक्का असतो, शिकवायची पद्धत मात्र मुलांना शिकवायची, पहाटे चारला उठा आणि दोन तास धा धा घोटा. आपल्याला पहाटे डबे असतात. पहिल्याच भेटीत सांगून टाका की मला आठवड्यातून एकदा यायला जमेल, रोज अर्धा तास देईन, आणि मला भजनाची साथ करायचीय. फी आधी ठरवा, संकोच करू नका, घरातल्यासारखं आहे म्हणून सुरू झालेले क्लास मध्येच बंद पडतात. परीक्षा द्यायची हौस असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पखवाजाच्याही असतात, प्रारंभिक, प्रवेशिका अशा पुढे विशारदपर्यंत, आणि वयाची आडकाठी नाही. मी प्रारंभिक दिली, माझ्या आधी आत गेलेला परीक्षार्थी चौथीतला होता, त्याने मला ऑल द बेस्ट म्हटलं.

ऑनलाइन शिकता येतं का? ठेके आणि बोल येतात. हाताचा कोन कॅमेऱ्यात कळत नाही आणि नेटवरून आवाज उशिरा पोचतो, वाजवलेलं आणि ऐकलेलं यात फरक पडतो, त्यामुळे एकत्र वाजवता येत नाही. परदेशात असाल आणि दुसरा उपाय नसेल तर करा, पण सुट्टीत आलात की पंधरा दिवस कुणासमोर तरी बसा.

आता खरी परीक्षा, म्हणजे मंडळासोबत वाजवणं. एकटीने ठेका बिनचूक येतो आणि बारा टाळ एकदम सुरू झाले की सगळं धुऊन जातं, असं प्रत्येकीचं होतं. कारण टाळ पळतात. बायकांचेच नाही, सगळ्यांचेच पळतात. उत्साहात लय वाढत जाते आणि तुम्ही त्यांच्या मागे धावलात की दुसऱ्या कडव्याला अभंगाचा श्वास लागतो. लय धरून ठेवायची जबाबदारी आता तुमची. मी काय करते तर डोळे पेटीवाल्या वहिनींच्या भात्यावर ठेवते आणि टाळांकडे बघतच नाही. लय फारच सुटली तर मधला सगळा भरणा काढून नुसता समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, एक भरभक्कम धा मारते, दोन-तीन आवर्तनांत टाळ आपोआप त्या धा ला येऊन चिकटतात.

कडवं म्हणताना कमी वाजवा. शब्द ऐकू यायला हवेत, तुकोबांनी पखवाज ऐकवायला अभंग लिहिले नाहीत. धृपदावर सगळ्या आल्या की आवाज वाढवा, शेवटी विठ्ठल विठ्ठल गजराला लय चढवत लग्गी, म्हणजे जलद बोलांची लड, लावा, तिथे काय पाहिजे ती हौस करून घ्या. थांबायचं कसं हे आधी ठरवलेलं असू द्या, नाहीतर गायिका थांबते, पेटी थांबते आणि आपण दोन मात्रा पुढे एकट्याच धिन धिन. त्यासाठी एक सोपी तिहाई, म्हणजे तेच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, देते, केरव्यात चालते, ति ट धा, ति ट धा, ति ट धा. प्रत्येक अक्षर एक मात्रा, समेपासून सुरू करायची, मोजून बघा, नऊ अक्षरं होतात आणि आवर्तन आठ मात्रांचं, म्हणजे शेवटचा धा बरोबर पुढच्या समेवर पडतो. ही ऐकू आली की थांबायचं असं आमच्या मंडळात ठरलंय. पहिल्यांदा ती जमून सगळ्या एकदम थांबल्या तेव्हा आम्हीच आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मग पसायदान घ्यायचं विसरलो.

लोक काय म्हणतील हे पण येणारच आहे, ते लपवून कशाला ठेवू. देवळात मला एका गृहस्थांनी विचारलं होतं की पखवाजावर बाई बसलेली कधी बघितली नाही, शास्त्रात बसतं का. मी म्हटलं कणीक माझ्या हातची चालत होती ना इतकी वर्षं. पुढे ते काही बोलले नाहीत आणि भजन संपेपर्यंत बसून राहिले. पाळीच्या दिवसात वाजवायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं, मी घरातला रियाज कधीच बंद ठेवत नाही आणि कार्यक्रमाचं मंडळात कुणी कुणाला विचारायचं नाही असं आम्ही ठरवलंय, त्याने बऱ्याच कटकटी संपल्या. आणि हाताला झेपत नाही या वाक्याला नावानिशी उत्तरं आहेत. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री, पारशी घरातल्या, त्यांनी साथीत न अडकता एकल तबलावादन केलं आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर संशोधन केलं. मुंबईच्याच अनुराधा पाल उस्ताद अल्लारखाँच्या शिष्या, १९९६ मध्ये त्यांनी फक्त बायकांचा स्त्रीशक्ती हा वाद्यवृंद काढला. बंगळुरूच्या सुकन्या रामगोपाल घटम वाजवतात, म्हणजे मातीचं मडकं, बोटं सोलून निघतात, त्यांनाही सुरुवातीला मुलीच्या हाताला हे जड जाईल असंच ऐकावं लागलं होतं. आणि पखवाजावरच बघायचं असेल तर इंदूरच्या चित्रांगना आगळे रेशवाल यांचं वादन व्हिडिओवर शोधा, आवाज मोठा करून ऐका.

घरच्यांचा प्रश्न आमच्याकडे वेगळाच निघाला. नवऱ्याला शिकण्याबद्दल काही नव्हतं, त्याला प्रश्न होता हे एवढं मोठं ठेवायचं कुठे. तर दिवाणात किंवा पलंगाखाली ठेवू नका, दमट लागतं. कपाटावर आडवा, सुती खोळीत, शाईच्या बाजूला जाड कापडाची टोपी. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, आवाज उतरतो, तेव्हा कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास साठ वॅटच्या पिवळ्या बल्बपासून हातभर लांब ठेवते, उन्हात किंवा गॅसजवळ कधीच नाही. नटबोल्टचा असेल तर पावसाळा संपल्यावर बोल्ट थोडे सैल करायला विसरू नका, हवा कोरडी झाली की कातडं स्वतःच आवळतं आणि आधीच आवळलेलं असेल तर रात्री कधीतरी फाट्कन आवाज येतो. वादीचा असेल तर गठ्ठे हातोडीने धुमेकडे सरकवले की सूर चढतो, बारीक फरकासाठी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हलके ठोके, पण पहिले सहा महिने हातोडी बुवांच्याच हातात राहू द्या.

दिंडीत चालत वाजवायचं असेल तर पखवाज गळ्यात अडकवावा लागतो आणि त्याला पट्टा रुंद हवा, चार बोटं तरी, नाडी किंवा दोरी मानेत रुतते. आम्ही आषाढीला सोसायटीतून देवळापर्यंत दिंडी काढतो, दीड किलोमीटर असेल, मी पट्ट्याखाली दुमडलेला नॅपकीन घालते आणि अर्ध्या वाटेत दुसरीला देते. हो, आता दुसरी पण आहे. मागच्या वर्षी आमच्यातल्याच एका सूनबाईंनी शिकायला सुरुवात केली, बत्तीस वर्षांची आहे, हात माझ्यापेक्षा चांगला पडतो तिचा. सध्या गुरुवारी ती वाजवते तेव्हा पीठ मागायला किचनमध्ये मी जाते, आणि मी वाजवते तेव्हा ती.